रेघेवर फुली

सकाळी ७:५०

ओपीडी नऊला सुरू होते, पण मंगळवारी मी आठच्या आत येते ती झेरॉक्सच्या गठ्ठ्यासाठी. पंखा लावायचा, पर्समधून स्टीलची पट्टी काढायची, गठ्ठ्यातला वरचा, मधला आणि तळाचा असे तीन कागद उचलायचे आणि त्यांच्यावरची आडवी रेघ मोजायची. ती १०० मिलीमीटर भरली पाहिजे. आज ९७ भरली. कोणीतरी प्रतीवरून प्रत काढली असणार. मजकूर पानात बसवताना मशीनने रेघ आखूड करून टाकली. गठ्ठा पाठकोऱ्या कागदांच्या खोक्यात गेला आणि शिपाईमामांना मूळ प्रत देऊन खाली पिटाळलं.

मामा जाता जाता म्हणाले, ‘ताई, पेशंटनं मनानंच फुली मारायची ना? मग तीन मिलीमीटरचं काय घेऊन बसलात?’

रक्तदाबाचं यंत्र दरवर्षी तपासून घेतात तेव्हा मामांना हसू येत नाही. आमच्या अभ्यासात ही रेघच यंत्र आहे. डाव्या टोकाशी लिहिलंय ‘अगदी छान’, उजव्या टोकाशी ‘अतिशय वाईट’. आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झालेल्या माणसाने गेल्या आठवड्यात आपण कसे होतो त्याची फुली या रेघेवर करायची. मी नंतर डाव्या टोकापासून फुलीपर्यंतचं अंतर मोजते. जेवढे मिलीमीटर, तेवढा आकडा. निम्म्या लोकांना आखूड रेघ आणि निम्म्यांना पूर्ण रेघ गेली, तर त्यांच्यात जो फरक दिसेल त्यातला काही झेरॉक्सवाल्याचा असेल.

रोग्याने स्वतःच्या तब्येतीविषयी दिलेला आकडा कच्चा असतो, असं पुष्कळ जण मानतात. मला अनुभवाने दिसतं ते असं की आकडा बहुतेक वेळा पक्काच असतो. तो नासतो आमच्या हातून. घाईने, नाहीतर मायेने.

सकाळी ८:३०

बाकं भरली. इतर ओपीडींत बाकं भरली की लोक जिन्याच्या पायऱ्यांवर टेकतात. आमच्याकडे पायऱ्या मोकळ्याच असतात; बसलं तर उठायचं कसं?

इंदापूर, दौंड, फलटण, भोर इथून माणसं येतात. पहिली एसटी पकडायची तर पाचला निघायचं, आणि पाचला निघायचं तर तीनला उठायचं, कारण या दुखण्यात सकाळी हात आखडलेले असतात. मूठ वळत नाही, वेणी घालता येत नाही, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. ऊन पाण्यात बोटं बुडवून ठेवली की तासा-दीड तासाने हळूहळू सुटतात. आखडलेल्या हाताने साडेआठला केलेली फुली आणि मोकळ्या हाताने दीडला केलेली फुली एका जागी पडतील, असं मला वाटत नाही. फॉर्मवर ‘गेल्या आठवड्यात’ असं छापलंय म्हणून काय झालं! आठवडाभराचा हिशेब विचारला तरी माणूस कालचा आणि परवाचा दिवस सांगतो, आणि मध्ये एखादी वाईट रात्र गेली असेल तर ती सांगतो.

यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. दर खेपेला त्याच टप्प्यावर विचारायचं. केसपेपर निघाला, वजन झालं, की फॉर्म. डॉक्टरांना भेटायच्या आधी आणि रक्ताचा रिपोर्ट हातात पडायच्या आधी. ‘ईएसआर छान आलाय हं’ हे एकदा कानावर पडलं की दुखतंय म्हणायची चोरी होते. रिपोर्टच्या खिडकीतल्या मुलाला मी कितीदा विनवलंय की लिफाफा बंद करून दे. तो बिचारा आनंदाची बातमी द्यायला उतावीळ असतो.

सकाळी ९:१०

फलटणकडच्या एक ताई. मार्चमध्ये आल्या तेव्हा नवऱ्याने धरून आणलं होतं. आज पिशवी स्वतःच्या खांद्यावर. मी फॉर्म दिला, जाड पेन्सिल दिली. (साधं पेन या बोटांत धरवत नाही. ज्या रोगात हाताची बोटं वाकतात त्याच्या रोग्याला बारीक रेघेवर बारीक खूण करायला सांगायचं, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांची बोटं धडधाकट असणार.) ताईंनी ठसठशीत फुली मारली. उजव्या टोकाजवळ, नव्वदच्या आसपास. वर हसून म्हणाल्या, ‘लय भारी वाटतंय आता, मॅडम.’

त्यांनी मार्क दिले होते. शाळेपासून शंभर म्हणजे पहिला नंबर हे आपल्या हाडात मुरलेलं असतं, आणि इथे आम्ही शून्याला छान म्हणतो. हा घोटाळा नवा नाही, आठवड्यातून एकदा तरी होतोच.

त्याने काय बिघडतं ते आकड्यांतच सांगते. आमवात किती भडकलाय हे मोजायला ‘डास २८’ नावाचं एक गणित वापरतात. दाबल्यावर दुखणारे सांधे आणि सुजलेले सांधे, दोन्ही अठ्ठावीस सांध्यांपैकी मोजायचे. त्यात रक्तातून सूज दाखवणारा ईएसआर, आणि रोग्याच्या रेघेचा आकडा ०.०१४ ने गुणून मिळवायचा. २.६ च्या खाली आलं तर रोग शांत, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. समजा बाईंचा एक सांधा दुखतोय, एक सुजलाय, ईएसआर १५ आहे. रेघेवर १० असतील तर उत्तर येतं २.८८, म्हणजे सौम्य. त्याच बाई, तेच सांधे, तेच रक्त, आणि रेघेवर ९०, की उत्तर ४.००, म्हणजे मध्यम. मग केसपेपरवर मेथोट्रेक्सेट वाढवायचा विचार सुरू. आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी, पण यकृत आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवावं लागतं. हौसेने वाढवायची गोष्ट नव्हे.

अशा वेळी ‘अहो, तुम्ही बऱ्या आहात ना, मग फुली इकडे हवी’ असं म्हणून बोट दाखवणं सोपं असतं. पण मग ती फुली माझी झाली. मी एवढंच म्हणते, ‘ताई, या दोन टोकांना काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.’ वाचता येत नसेल तर मी वाचते, रेघेवरून बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेते, आणि नवा कागद देते. जुन्यावर एक आडवी काट, तारीख, सही. तो फाडायचा नाही. ताईंनी दुसरी फुली १२ वर केली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

सकाळी ९:५०

‘आईला आता बरंच बरं आहे.’

हे वाक्य मुलगा बोलतो, सून बोलते, नवरा बोलतो. आई मान डोलावते. फॉर्म आईचा असतो. मी म्हणते, ‘दादा, बाहेर पाण्याचा फिल्टर आहे, जरा पाणी पिऊन या.’ दादांना राग येतो कधी कधी. रजा काढून, पेट्रोल जाळून आणलेलं असतं त्यांनी. पण मुलाच्या बरं आहेमध्ये औषधाचा महिन्याचा खर्च मिसळलेला असतो, आणि सुनेसमोर दिलेल्या उत्तरात पोळ्या कोण लाटतं हा विषय. दोघंही खोटं बोलत नाहीत. त्यांना विचारलेलंच नाही, एवढंच.

आजचं प्रकरण वेगळं होतं. सोबत कोणी नव्हतं. साठीच्या आजी, दोन्ही गुडघे लालसर आणि फुगलेले, खुर्चीवरून उठताना टेबलाचा आधार. फुली पाचावर. म्हणजे रेघेच्या पार डाव्या टोकाला, जवळजवळ निरोगी. मी टोकं पुन्हा वाचून दाखवली. ‘कळलंय गं बाई मला,’ म्हणाल्या, ‘इथंच मारायची.’ मग थोड्या वेळाने, इकडे तिकडे बघत, ‘डॉक्टरीणबाई वारीला जाऊ नको म्हणतील का?’

आषाढी तोंडावर आली की अशा फुल्या वाढतात. दिवाळीनंतर, दाखले आणि अर्ज यांच्या मोसमात, दुसऱ्या टोकाकडे सरकतात. आमच्या संख्याशास्त्रज्ञांना हे सांगितलं की ते चष्मा काढून डोळे चोळतात. मी पाच लिहिले. त्यांच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर स्वतः बघून ठरवतील, तो त्यांचा रकाना आहे. हा रकाना आजींचा. शेजारी शेऱ्यात मात्र ‘वारीला जाण्याची इच्छा’ असं लिहून ठेवलं, कारण पुढच्या खेपेला हा आकडा चाळीसवर गेला तर तो रोग वाढल्यामुळे की वारी होऊन गेल्यामुळे, हे कोणीतरी विचारायला हवं.

सकाळी १०:४०

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न रेघेच्या वर छापलेल्या वाक्यात आहे.

‘तुमची एकूण तब्येत कशी आहे?’ हा एक प्रश्न. ‘आमवातामुळे तुम्हाला होणारा सगळा त्रास लक्षात घेतला तर तुम्ही कसे आहात?’ हा दुसरा. जगभरच्या अभ्यासांत कधी हा, कधी तो वापरलेला आढळतो, आणि दोन्हींची उत्तरं एकाच नावाच्या रकान्यात जातात: रोग्याचं स्वतःचं मूल्यमापन. आमच्या फॉर्मवर दोन्ही आहेत, दोन वेगळ्या पानांवर, मुद्दाम.

साडेदहाच्या सुमाराला एक काकू आल्या. गेली काही वर्षं नियमित येतात, मितभाषी, शिक्षिका होत्या. पहिल्या पानावर ७०. दुसऱ्या पानावर १५. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं की चैत्रात यजमान गेले. रात्री झोप नाही, दुपारी जेवण नाही. ‘हात बरे आहेत,’ म्हणाल्या आणि दोन्ही मुठी वळवून दाखवल्या. खरंच पूर्ण वळत होत्या.

सत्तर आणि पंधरा यांच्यातल्या पंचावन्नाला ०.०१४ ने गुणलं की ०.७७ होतात. रोग सौम्य की मध्यम, हे या पाऊण अंकावर सहज फिरू शकतं. डास २८ तयार झालं तेव्हा त्यात ‘एकूण तब्येत’च धरली होती. म्हणजे काटेकोर नियम पाळायचा तर पहिलं पान वापरायचं, आणि काकूंच्या दुःखावर सांध्यांचं औषध वाढवायचं. दुसरं पान वापरलं तर औषध जागेवर राहील, पण काकू बऱ्या आहेत असा कागद तयार होईल, आणि त्या बऱ्या नाहीत.

कोणता प्रश्न बरोबर, यावर लेखच्या लेख लिहिले गेलेत. मला विचाराल तर औषध ठरवायला दुसरा आणि माणूस कळायला पहिला. दोन्ही विचारायला मिनिटभर जास्त लागतं. त्या मिनिटाची कटकट ज्यांना वाटते त्यांनी एकदा काकूंच्या समोर बसून बघावं. मी पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल टोक लावलं. ते दिसलं की आतल्या डॉक्टर मॅडम सांध्यांच्या आधी घरचं विचारतात. ही आमची घरगुती पद्धत आहे, कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही.

उलटंही होतं. मधुमेह, दम्याची धाप, मोतीबिंदू असं सगळं अंगावर असलेले एक काका एकूण तब्येतीला २० देतात आणि आमवाताला ५५. का म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘बाकीचं वयानुसार आहे. हे मात्र आगंतुक आहे.’

सकाळी ११:३०

रेघेनंतरचा फॉर्म कामांचा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली एक प्रश्नावली मांडली. कपडे घालता येतात का, उठता येतं का, पेला तोंडाशी नेता येतो का, नळ उघडता येतो का. प्रत्येकाला शून्य ते तीन. शून्य म्हणजे काही त्रास नाही, तीन म्हणजे करताच येत नाही. पुढे आमवाताच्या बहुतेक मोठ्या औषधांच्या चाचण्यांत ही प्रश्नावली वापरली गेली. सरासरी ०.२२ ने खाली आली की रोग्याला फरक जाणवतो असं धरतात.

पण टबमध्ये उतरून अंघोळ करता येते का, हा प्रश्न इंदापूरच्या माणसाला विचारून काय करायचं? दिल्लीत २००२ च्या सुमारास जी भारतीय आवृत्ती तपासून प्रसिद्ध झाली तिच्यात उकिडवं बसणं किंवा मांडी घालणं आलं, रिक्षात चढणं-उतरणं आलं, भाजीबाजार आला, तीन किलोमीटर चालणं आलं. आमचा फॉर्म त्याच वळणाचा आहे.

प्रश्न जवळचे झाले तरी उत्तरं सरळ येतात असं नाही. प्रश्न ‘करता का’ असा नसून ‘करता येतं का’ असा आहे, आणि हा फरक समजावण्यात माझी अर्धी सकाळ जाते.

‘आजी, खाली पडलेला कपडा वाकून उचलता येतो?’

‘सून उचलते.’

‘ती नसेल तेव्हा?’

‘ती असतेच.’

‘समजा माहेरी गेली.’

‘कशाला जाईल? परवाच आली की जाऊन.’

शेवटी मी माझा रुमाल खाली टाकला. आजींनी चटकन पायाच्या अंगठ्यात आणि बोटात धरून वर घेतला आणि माझ्या हातात दिला. याला शून्य द्यायचे की दोन? आम्ही खूप वेळ हसलो. मूळ प्रश्नावलीचा नियम असा की काम करायला साधन लागलं किंवा दुसऱ्याची मदत लागली तर गुण दोनपेक्षा कमी धरायचे नाहीत. पायाच्या बोटांना साधन म्हणावं की नाही हे त्यात सांगितलेलं नाही. ‘थोडा त्रास’ असा एक दिला आणि शेऱ्यात हकिगत लिहिली.

पुरुषांची तऱ्हा निराळी. भाजी आणता येते का म्हटलं तर ‘कधी आणलीच नाही’. मग मी विचारते, शेतात बादली उचलता येते का, मोटरसायकलची किक मारता येते का. ती उत्तरं माझ्या वहीत जातात. फॉर्मवर रकाना रिकामाच राहतो. फॉर्म आपल्या मनाने बदलायचा नाही, कितीही खटकला तरी. उद्या दुसऱ्या गावातल्या आकड्यांशी ताडायचा तो.

दुपारी १२:४५

आतल्या खोलीत माझं काम फक्त लिहिण्याचं. मॅडम सांधे दाबत जातात, मी आकृतीवर गोल भरत जाते. हाताच्या बोटांचे वीस सांधे, दोन मनगटं, दोन कोपरं, दोन खांदे, दोन गुडघे. झाले अठ्ठावीस. घोटे आणि पावलं यात नाहीत. मोजणी सुटसुटीत व्हावी म्हणून वगळली, आणि हिशेबाला ते पुरतं असं दाखवलं गेलंय. पण ज्या बाईंचं दुखणं तळपायाशी आहे, सकाळी पहिलं पाऊल टाकताना खड्यांवर उभं राहिल्यासारखं होतं, त्यांचं ते दुखणं गणितात शिरायला एकच दार आहे: त्यांनी स्वतः केलेली फुली.

सांधे झाले की मॅडमही आपल्या रेघेवर फुली करतात, रोग्याची न बघता. आज एका ताईंच्या बाबतीत मॅडमची १५, ताईंची ६०. असं अंतर नेहमी पडतं आणि बहुतेक वेळा याच दिशेने. यावर अभ्यास झालेत: डॉक्टरांची फुली प्रामुख्याने सुजेकडे बघून पडते, रोग्याची ठणक्याकडे. त्यात थकवा आहे, झोप आहे, उदासी आहे. थकव्याला तर संशोधकांनी फार काळ विचारातच घेतलं नव्हतं. आमवाताच्या अभ्यासांत काय मोजावं हे ठरवणारी ओमेरॅक्ट नावाची एक आंतरराष्ट्रीय मंडळी आहे. तिच्या २००२ च्या ऑस्ट्रेलियातल्या बैठकीला पहिल्यांदा रोग्यांना बोलावलं, आणि त्यांनी सांगितलं की आम्हाला सर्वांत जास्त छळतो तो थकवा, तुमच्या यादीत तो नाहीच. पुढे तो यादीत आला.

या अंतराची एक गंमत म्हणा किंवा शोकांतिका म्हणा, रोग शांत झाल्याच्या व्याख्येत घडली. अमेरिकन आणि युरोपियन संघटनांनी मिळून २०११ मध्ये कडक नियम केला: दुखरा सांधा एकापेक्षा जास्त नको, सुजलेला एकापेक्षा जास्त नको, रक्तातून सूज दाखवणारा सीआरपी एकपेक्षा जास्त नको, आणि रोग्याने स्वतःला दहापैकी एकपेक्षा जास्त देता कामा नये. पहिल्या तिन्ही अटी पार करून चौथीवर अडकलेले लोक इतके निघाले की २०२२ मध्ये ती अट दोनपर्यंत सैल करावी लागली. काही जणांचं म्हणणं होतं की रोग्याची अटच काढून टाका. नाही काढली हे बरं झालं. सूज गेल्यावरही बाई स्वतःला चार देत असेल तर तिला सांध्यांच्या औषधाची गरज नसेल कदाचित, पण कशाची तरी आहेच.

दुपारी १:४५

डबा. आज एका निवासी डॉक्टरशी वाद झाला. हुशार मुलगा, चांगला आहे, पण परीक्षेच्या तोंडावर आलेल्या मुलांना सोनोग्राफीत दिसतं तेवढंच खरं वाटतं. म्हणाला, ‘ताई, रागावू नका, पण हा सगळा सॉफ्ट डेटा आहे.’

मी त्याला अमेरिकेतल्या टेड पिंकस यांची गोष्ट सांगितली. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात त्यांनी आमवाताच्या ७५ रोग्यांचा नऊ वर्षं मागोवा घेतला आणि १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला. कोण लवकर दगावणार हे ओळखायला रोजची कामं जमतात का या साध्या प्रश्नांचा उपयोग झाला. रोजची कामं ज्यांना सर्वांत कमी जमत होती त्यांचं भवितव्य, हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या तुंबलेल्या माणसासारखं होतं. तोवर संधिवाताने माणूस मरत नाही, कुरकुरतो, अशीच समजूत होती. आणि आमवाताच्या बाहेरही हेच. १९९७ साली इडलर आणि बेन्यामिनी या दोघींनी २७ अभ्यास एकत्र मांडून दाखवलं की ‘तुमची तब्येत कशी आहे’ या एका प्रश्नाचं उत्तर, बाकीचे आजार, वय, सवयी हिशेबात धरल्यानंतरही, बहुतेक सगळ्या अभ्यासांत मृत्यूची चाहूल देत होतं.

‘कसं काय पण?’ त्याने विचारलं. त्याचं उत्तर ठाम कोणाकडे नाही. माझा अंदाज, माणसाला आपल्या शरीराविषयी रिपोर्टच्या आधी पुष्कळ कळत असतं. त्याने लोणच्याची फोड उचलली आणि वाद तिथेच थांबला. त्याला पटलं असं नाही. चालेल.

दुपारी ३:००

पट्टी पुन्हा बाहेर. सकाळच्या सगळ्या फुल्या मोजायच्या, मी आणि माझी सहकारी अशा दोघींनी वेगवेगळ्या, एकमेकींचा आकडा न बघता. फुलीच्या दोन रेघा जिथे छेदतात तो बिंदू धरायचा. कोणी फुलीऐवजी गोल काढतं, कोणी बरोबरची खूण करतं, कोणी अख्खी रेघच गिरवून काढतं. त्याचा काय अर्थ लावायचा? लावायचा नाही, रकान्यात ‘गैरलागू’.

रेघ सोडून शून्य ते दहा आकडे तोंडी विचारावेत, असा एक पक्ष आहे. पिंकस यांनीच आपल्या फॉर्मवर रेघेऐवजी एकवीस वर्तुळांची ओळ घातली, अर्ध्या-अर्ध्या अंकाची. मोजायला पट्टी नको आणि वाकड्या बोटांनाही गोल भरता येतो. आम्ही पुढच्या अभ्यासात तसंच करणार आहोत. मला रेघेचं ममत्व नाही. आमच्या म्हाताऱ्या माणसांना तर आकडा विचारला की तो आण्यांत येतो. ‘बारा आणे दुखणं गेलं, चार आणे राहिलं.’ फार नेमकं वाटतं ऐकायला. पण गेलं कुठून? मागच्या महिन्याच्या तुलनेत की दुखणं सुरू झालं तेव्हाच्या? आधी रुपया केवढा होता हे माहीत नसेल तर चार आणे किती, ते सांगता येत नाही. म्हणून ते वहीत जातं आणि फॉर्मवर आजची फुलीच मागावी लागते.

दुपारी ४:४०

फोनची वेळ. ज्यांना या महिन्यात येता आलं नाही त्यांना घरी विचारायचं. पहिला नंबर भिगवणजवळच्या एका वाडीचा. भिगवण हे नाव आमच्या क्षेत्रात जगभर माहीत आहे. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि पुण्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने चाललेल्या कॉपकॉर्ड या उपक्रमात, तिथे घरोघर पाहणी केली. गावातलेच स्वयंसेवक दारोदार गेले आणि आधी यंत्र नाही, रक्त नाही, फक्त विचारलं: कुठे दुखतं का? शंभर प्रौढांमागे अठराएक जणांनी होय म्हटलं. त्यांना मग डॉक्टरांनी तपासलं, आणि आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या जवळपास निघालं. भारतातल्या खेडेगावात हे दुखणं किती आहे याची आपली माहिती अशी, माणसांच्या तोंडून सुरू झालेली.

फोन मुलाने घेतला.

‘आई आहेत का? संधिवाताच्या ओपीडीतून बोलतेय.’

‘आई रानात गेलीय. बरी आहे ती, चांगली आहे. लिहा तुम्ही.’

‘दादा, त्यांच्याशीच बोलायचंय. पाचच मिनिटं.’

‘अहो, बरी आहे म्हणून तर गेली ना रानात!’

पटण्यासारखं होतं. पण कांद्याची काढणी आली की बरं असो-नसो, बाई रानात जाणारच. कधी येतील विचारलं. दिवेलागणीला येतील, मग धारा, मग स्वयंपाक.

‘मग नऊला करू फोन?’

‘करा,’ तो म्हणाला, ‘पण ती बरी आहे असंच सांगेल.’

त्यांच्या नावापुढचा रकाना मोकळा ठेवला, बाजूला ‘रात्री ९, स्वतः’ असं लिहिलं आणि पुढचा नंबर लावला.